भाऊबंदकी, पोटविभाग इतर

८ मार्च १९९९, सोमवार. जळगाव

आज रुजू झाले. सकाळी धुळ्याहून निघताना परत फिरावंसं वाटत होतं. पारोळा मागे पडलं तसं ते विरलं. एरंडोलनंतर केळीच्या बागा दिसायला लागल्या आणि मी चक्क खिडकीशी बसून गुणगुणत होते. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, माहेरी चालली का? म्हटलं, नाही बाबा, माहेर करायला चालले.

खरंच तसं आहे. माझ्या उजूची ही लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पहिल्या आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे, नाहीतर सासरी तिला जन्मभर ऐकावं लागतं. आणि माहेर म्हणजे निदान एक खोली, एक चूल आणि दारात उभी असलेली आई. माझ्या नोकरीचं वाचनालय बंद झालं आणि धुळ्यातलं भाड्याचं घर सुटलं, तेव्हापासून हाच एक घोर होता. आता नोकरी मिळाली. आखाजीला महिनाभर अवकाश आहे. तेवढ्यात घर लागेल.

कचेरी नवी पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. दोन संगणक, एक मोडेम, आणि वाळ्याचा वास येणारा कूलर. मालक लीलाधर, केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुण्याला शिकून परत आलेला. माझ्याहून पुष्कळ लहान, पण मी भाऊ म्हणते आणि तो ताई म्हणतो. मला घ्यायला तो जिन्यावर आला. वाचनालय बंद पडल्यावर कुणी मला ‘या’ म्हटलं नव्हतं.

त्याने इंटरनेटवर ‘खान्देश चर्चापीठ’ काढलं आहे. पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेले आपले लोक तिथे लिहितात. गावातले लोक जिना चढून येतात, तोंडाने सांगतात, आम्ही टाइप करतो. वर्षभरात एवढं लिहून झालंय की त्याचा उकिरडा झालाय. कापसावरच्या बोंडअळीच्या खाली कुणाला वधू पाहिजे, तिच्या खाली कुणाच्या तेराव्याचं आवतन. मी विभाग पाडायचे आणि त्यांचे पोटविभाग. पुस्तकं लावण्यात माझं आयुष्य गेलं. माणसांचं बोलणं लावायला किती मजा येईल!

१० मार्च, बुधवार

खोली मिळाली. पिंप्राळ्यात, भिकुबाईंच्या घरात मागची. भिकुबाई विधवा, मूलबाळ नाही, पारोळ्याकडच्या. तोंडाने फटकळ, हाताने मोकळ्या. पहिल्याच संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या आणि विचारलं की मी नेमकं करते काय. मी सांगितलं. म्हणाल्या, “तुना कंप्युटर जेवाले देस का?” मी म्हटलं, देतो की, पगाराला. त्यावर खूप हसल्या.

अंगणात कडुनिंब आहे. फांदी मजबूत आहे. उजूसाठी झोका तिथेच बांधायचा.

१५ मार्च, सोमवार

मुख्य विभाग ठरले: शेती, सोयरीक, आरोग्य, आवतन, भाऊबंदकी, गावगप्पा. पोटविभाग पाडले आणि मोहोळ उठलं. एका गावाला मी, तालुका तोच म्हणून, पारोळ्याच्या पोटात टाकलं होतं. तिथल्या एकाने लिहिलं, “आमना गावले पारोळाना खाले काबरं टाकं? आमीन काय तेस्ना घरगडी शेत?” वरणगावच्या कारखान्यातले एक गृहस्थ लिहितात, “बाई, वाचनालयात पुस्तकं गप्प बसत असतील. आम्ही बसणार नाही.” केळीवाल्यांना कापूसवाल्यांच्या वर जायचं आहे. एकाने तर सरळ लिहिलं की ही बाई धुळ्याची, हिला जळगावचं काय कळतं, परत पाठवा.

लीलाधरभाऊ हसले. म्हणाले, ताई, लोक शिव्या देताहेत म्हणजे वाचताहेत. पण मला लागलं. पुस्तकाने मला कधी धुळ्याची म्हटलं नव्हतं.

२२ मार्च, सोमवार

आज सगळ्यात अवघड विभाग, भाऊबंदकी. हा लीलाधरभाऊंचा लाडका. आपल्याकडे आवतन माणसाला जात नाही, घराला जातं, चुलीला जातं. एखादी चूल राहून गेली तर तीन पिढ्या बोलणं बंद. म्हणून प्रत्येक कुळाचा एक पोटविभाग, त्यात त्या घरची माणसं आणि नांदायला गेलेल्या लेकीसुद्धा. पोटविभागात आवतन टाकलं की सगळ्यांना पोचलं.

पण संगणक कुणाला मोकळं सोडत नाही. प्रत्येक सभासद कुठल्या तरी पोटविभागात हवाच. अगदी मी धरून.

दुपारी दिरांना फोन केला. उजूचं नाव त्यांनी स्वतःच घातलं होतं, तिच्या वडलांच्या कुळात, लेक म्हणून. ते म्हणाले, पोरगी आमचं रक्त आहे, ती राहू दे. तुझं नाव मात्र घालू नकोस. भाऊ गेला तेव्हाच तुझा आमचा संबंध संपला. आवाज चढला नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं.

माहेरचं म्हणावं तर कुणी उरलं नाही. मग वाचनालयात करायचे तेच केलं. ज्या पुस्तकाला घर नाही ते ‘इतर’मध्ये. भाऊबंदकीखाली एक नवा पोटविभाग काढला, ‘इतर’, आणि त्यात पहिलं नाव घातलं, लता.

एकटं वाईट दिसत होतं. भिकुबाईंचं भावांशी बोलणं नाही, त्यांनी कुळ सांगितलंच नव्हतं. त्यांचंही नाव खाली घातलं. सोबत झाली.

२७ मार्च, शनिवार

संध्याकाळी भिकुबाई अंगणात शेवया वाळवत होत्या. मी गमतीने सांगितलं की आपण दोघी आता एका घरच्या. ‘इतर’ म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

“भाऊबंदकीमा इतर कोनी नही ऱ्हास, पोरी,” म्हणाल्या. “घरना ऱ्हास. नही ते बाकीना.”

मग त्यांनी सांगितलं. आखाजीला घागर भरतात, चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी टाकतात, घरच्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन एकेक घास. हे मला माहीतच होतं. पण त्यांच्या माहेरी सगळी नावं झाली की एक घास उंबऱ्याबाहेर टाकतात, नाव न घेता, मागे न बघता. तो बाकीच्यांचा. ज्यांचं नाव कुठल्याच घरात घेतलं जात नाही, त्यांचा. त्यांना घास द्यायचा. जागा द्यायची नाही. त्यांच्यासाठी कधी पाट मांडायचा नाही.

आणि मी पाट मांडला, असं त्यांचं म्हणणं. माझं नाव काढ म्हणाल्या. मी म्हटलं, काढते, पण कुठल्या कुळात घालू ते सांगा. भावांचं नाव घ्यायला त्या तयार नाहीत. रागाने उठून आत गेल्या.

म्हाताऱ्या माणसांची समजूत. तरी मला अंगणात एकटीला बसवेना.

३१ मार्च, बुधवार

‘इतर’मध्ये एक नवा संदेश. लिहिणारी कौतिक. सभासदांत ह्या नावाचं कुणी नाही.

“आमले बी जागा दिनी, बरं करं. मांगे बठ्ठा उभा शेत.”

मागे सगळे उभे आहेत म्हणे! मला आधी हसू आलं. कुणीतरी टवाळखोर. मी संदेश पुसला. चहा होईपर्यंत परत आला. पुन्हा पुसला. पुन्हा आला, आणि ह्या वेळी खाली एक ओळ जास्त होती. “पुसू नको. आमले पुसानी सवय शे, पन पुसू नको.”

लीलाधरभाऊंना दाखवावं म्हणून हाक मारली. ते फोनवर होते. नंतर विसरले असतील. आज माझ्यासाठी चहाही सांगितला नाही त्यांनी. सभासदांच्या भांडणांनी वैतागले असणार.

३ एप्रिल, शनिवार

रस्ता खणताना फोनची तार तुटली आहे. मोडेम मुका. काहीही येण्याची सोय नाही.

तरी आज दुपारी ‘इतर’च्या पोटात आणखी चार पोटविभाग होते. मी पाडलेले नाहीत.

विहीर.
वाट.
दवाखाना.
पाळण्याआधी.

पहिल्या तिन्हींत नावं आहेत, बहुतेक बायकांची, काही पुरुषांची. चौथ्यात नावं नाहीत. नुसत्या कोऱ्या ओळी. मी बघत होते आणि त्या एकेक वाढत होत्या. विभाग पाडलेत ते कोण कुठे गेलं त्यावरून; पाळण्याआधी गेलेल्यांना नाव कुठून असणार.

माझ्या जन्मात इतकं अचूक वर्गीकरण मी पाहिलेलं नाही. हे लिहिताना मी पदर अंगाभोवती घेतलाय, बाहेर मात्र रस्त्यावरचं डांबर वितळतंय.

भाऊंना म्हटलं, हे तुम्ही केलंत का? ते माझ्या टेबलापाशीच उभे होते. माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत म्हणाले, कूलरमधलं पाणी संपलेलं दिसतं. आणि गेले. एवढा कसला राग!

५ एप्रिल, सोमवार

कौतिकबाई तुकड्या-तुकड्यांनी लिहिते. पारोळ्याकडच्या एका गावाची लेक. सासरी विहिरीत गेली. गेली की ढकलली ते ती सांगत नाही. सासरचे म्हणाले, ती आमची नव्हे, माहेरी न्या. भाऊ म्हणाले, दिली ती तुमची. कुणीच आगारीत नाव घेतलं नाही. तिचं मागणं एवढंच आहे की मला भावांच्या घरात टाक.

ते कुळ आपल्याकडे आहे. घरचा कर्ता रतिलाल, नेहमी लिहिणारा. फोनची तार आज जोडली, म्हणून चर्चापीठाच्या नावाने त्याला लिहून विचारलं. तासाभरात उत्तर आलं, की आमच्याकडे अशी कुणी झालीच नाही. “तुम्ही विभाग पाडा बाई, लोकांची घरं पाडू नका.”

झालीच नाही म्हणे! मला दिरांचा तो न चढलेला आवाज आठवला. मी कौतिकबाईचं नाव उचललं आणि रतिलालच्या कुळात ठेवलं. एक नाव. त्याने काय जातं कुणाचं?

८ एप्रिल, गुरुवार

भर दुपारी एक बाई जिना चढून आली. तोंड लाल, पदर घामाने भिजलेला. नाव पुष्पाबाई, इथे जळगावातच दिलेली, रतिलालची सख्खी बहीण. आखाजीला कधी न्यायला येता म्हणून विचारायला ती पारोळ्याकडे भावाच्या घरी गेली होती. भावाने दार उघडलं. तिच्या आरपार रस्त्याकडे पाहिलं. कुणी नाही, वारा असेल, म्हणाला आणि दार लावलं. सासरी परत आली तर सासूने सगळ्यांची ताटं घेतली, हिचं नाही. नवरा तिच्या हाका ऐकत नाही. पोरांनी सुद्धा वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, इतक्या दारांत उभी राहिले, तुम्ही पहिल्या, ज्या मला बसा म्हणाल्या.

ती रडत होती, तेवढ्यात लीलाधरभाऊ आले. त्यांनी आपली पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. खुर्चीवर ठेवावी तशी.

मग ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे नाही, माझ्या टेबलाकडे. बोट फिरवून धूळ पाहिली आणि स्वतःशीच म्हणाले, इथे कुणीतरी माणूस ठेवायला हवं.

पडद्यावर पाहिलं. रतिलालच्या कुळात कौतिक. पुष्पा तिथे नव्हती. पुष्पा ‘इतर’मध्ये होती, माझ्या आणि भिकुबाईंच्या खाली.

मी कौतिकबाईला परत ओढायला गेले. नाव हललं नाही. संदेश आला:

“मी आते घरनी शे. हात लावू नको.”

९ एप्रिल, शुक्रवार

एक आत गेली की एक बाहेर. आणि बाहेर पडते ती लेक, नांदायला गेलेली. घराला तिचीच जागा सगळ्यात सैल वाटत असावी.

बाहेर पडलेले फक्त बाहेर पडलेल्यांनाच दिसतात. पुष्पाबाईला मी दिसते. भिकुबाईंना मी दिसते. बाकी कुणी माझ्याशी शेवटचं कधी बोललं? आठवून पाहिलं. रिक्षावाले थांबत नाहीत. भाजीवाली माझ्यामागच्या बाईला आधी देते. मला वाटत होतं जळगावचे लोक तुसडे आहेत.

मी उजूला फोन लावला. जामनेरला, तिच्या सासरी. तीच बोलली. मी म्हटलं, उजू, आई बोलतेय, आखाजीला येशील ना गं? पलीकडे पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. ती शांतपणे म्हणाली, तुमचा नंबर चुकला असेल. मला आई नाही.

मग तिकडे कुणीतरी विचारलं, कुणाचा फोन? ती म्हणाली, कुणाचा नाही, नुसती खरखर येतेय.

१२ एप्रिल, सोमवार

भिकुबाई दाराशी येऊन ओरडल्या. दूधवाला थांबत नाही, पुतण्या अंगणात येऊन त्यांच्याशी न बोलता विळा घेऊन गेला, पाण्याच्या नळावर बायका त्यांच्या घागरीवर घागर ठेवतात. “तूच टाकं माले तठे. तूच काढ!” माझा हात धरून हलवला. त्यांच्या डोळ्यांत इतका तिरस्कार होता की तो आईच्या डोळ्यांत दिसला असता तर मला तिचीसुद्धा भीती वाटली असती.

मी सांगितलं, तुम्ही आत गेलात तर तुमच्या भावांच्या घरची एक लेक बाहेर पडेल. त्यांनी माझा हात सोडला. मग त्यांनी कुळाचं नाव सांगितलं.

मी त्यांना दोष देत नाही. नळावर उभं राहून कुणाला न दिसणं काय असतं ते मला माहीत आहे.

नाव हलवलं. ‘इतर’मध्ये लगेच एक नवी आली. सिंधू. त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी.

१३ एप्रिल, मंगळवार

भिकुबाई अंगणात कुणाशी तरी बोलत होत्या. पुतण्या आला होता, त्यांच्या माहेराहून बोलावणं आलं म्हणून सांगत होता. त्या रडत होत्या, हसत होत्या. मी दारात उभी राहिले. म्हटलं, बरं झालं हो.

त्या माझ्या खोलीत आल्या. माझ्या अंगाजवळून. माझी घागर उचलून बाहेर ठेवली, माझी चटई झटकली. पुतण्याला म्हणाल्या, “खोली कधीनी रिकामीच शे. भाडेकरू देख.”

मी त्यांचा पदर धरला. त्यांनी तो सोडवला, खिळ्याला अडकलेला सोडवावा तसा.

१५ एप्रिल, गुरुवार

कचेरीत जाते. दुसरं कुठे जाऊ! ते सगळे तिथे आहेत. पडदा भरून.

आमले बी टाक.
आमले बी.
कौतिकले टाकं, आमले काबरं नही?
आखाजी उनी.

मी लिहिलं, आखाजी आली तरी नाही. कुणालाच नाही. तुमच्या जागी जित्या लेकी पडतात.

उत्तर आलं, “आमीन बी जित्याच व्हतूत.”

आणि त्याच्या खाली, “तुनी पोर कोना घरनी शे, आमले माहीत शे.”

माझं उजूवाचून काही नाही. मी स्वतःला तिच्या वडलांच्या कुळात घातलं तर मी दिसेन, पण तिथून ती पडेल. नाही घातलं तर ती तिथे राहते आणि मला ओळखत नाही. राहू दे. ओळखू नये. पोळ्या लाटत राहावी.

पण हे उजूच्या कुळात जायचं म्हणताहेत. मी ‘नाही’ म्हणून किती दिवस—

१६ एप्रिल, शुक्रवार

आज मी न हलवता तीन नावं हलली. त्यांना आता माझी गरज नाही.

उजूचं कुळ दर घटकेला उघडून बघते. आहे. अजून आहे. डोळे मिटायचीसुद्धा भीती—

पुष्पाबाई जिन्यात बसून असते. तिच्याबरोबर आता आणखी दोघी. माझ्याकडे बघतात. मी वर जाताना एकीने पाय आडवा घातला.

१७ एप्रिल, शनिवार

सुचलं. इतके दिवस कसं सुचलं नाही! मी एकेका नावाशी झगडत होते. चूक नावांत नाही, खणात आहे. पाट मी मांडला, पाट मीच उचलायचा. ‘इतर’ राहिलाच नाही, तर पडणारी पडणार कुठे? टाकायला जागाच नसेल तर कुणाला टाकता येणार नाही. सगळे कुठल्या ना कुठल्या घरात. मेलेले, जिते, सगळे.

भाऊ जेवायला गेलेले. मी बसले. विभाग काढून टाका, म्हटलं. संगणकाने विचारलं, यातली नावं मुख्य कुळांत वाटून टाकायची का?

हो.

नावं पाण्यासारखी वर वाहत गेली. विहीर रिकामी झाली. वाट. दवाखाना. कोऱ्या ओळी सर्वांत शेवटी, लहान मुलं जातात तशी, एकामागून एक. मग ‘इतर’ हा शब्दच गेला.

इतकी शांतता. उजूचं कुळ बघायला गेले तोच लाइट गेली. असू दे. आता भीती नाही. जिना उतरताना कुणी नव्हतं तिथे.

वाटेत मैदा आणि गूळ उचलला. दुकानदाराने पाहिलं नाही. उद्यापासून बघेल.

१८ एप्रिल. आखाजी

पहाटे सांजोऱ्या केल्या. खोलीत अजून कुणी भाडेकरू नाही. झोका बांधला. भिकुबाई माहेरी गेल्यात.

दुपार

रस्त्यावर आवाज. हाका. कितीतरी बायका एकदम.

खिडकीतून — गल्लीच्या दोन्ही बाजूंना, दर दारापुढे एकेक. नव्या साड्या, हातात पिशवी, कुणाच्या कडेवर मूल. आई, दार उघड. दादा, मी आले. वहिनी. दारं उघडीच आहेत. आत पुरणाचा वास. घरातले जेवायला बसलेत, पंगतीत दाटी करून, कुणासाठी तरी सरकून बसल्यासारखे. एक माणूस दाराशी आला, घास बाहेर टाकला, मागे न बघता आत गेला. लेकीच्या पायाशी पडला तो घास.

सगळ्या गल्लीत. सगळ्या गावात, असं वाटतं. प्रत्येक घराची—

मी वाटून टाकली ना नावं. सगळी. सगळ्या घरांत. आत शिरले ते मेलेले; एकेकामागे एक लेक बाहेर, आणि आम्ही आधीच्या बाहेरच.

पुन्हा

उजू आली!

कडुनिंबाखाली उभी होती. हिरवी साडी, उन्हाने लाल झालेली. मला पाहिलं आणि पिशवी टाकून धावत — आई, किती वाळलीस गं. तिने म्हटलं. आई म्हटलं. गळ्यात पडली, तिच्या केसांना तोच वास. म्हणाली, सासूबाईंना निघते म्हणून चारदा सांगितलं, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, इतका कसला राग. एस्टीत कंडक्टरने तिकीटही विचारलं नाही, फुकट आले बघ. हसली.

सांजोरी खातेय. मी लिहिते आहे, हात थांबत नाही म्हणून. वर बघते तेव्हा ती माझ्याकडेच बघते.

तिला मी दिसते.

तिला मी—

दाराशी गर्दी. बाहेरच्या सगळ्या इकडे आल्यात, हे एकच दार त्यांच्याकडे बघणारं. पुष्पाबाई पुढे. कुणी कडी वाजवतंय, कुणी खिडकीच्या गजांतून हात—

उजू दाराशी गेली. त्यांच्याशी बोलली. परत आली. म्हणते, आई, त्या विचारताहेत आम्हाला घरातून काढलं कुणी, तुला माहीत आहे का गं? मी तिला काय—